वारसाची बंदूक मालखान्यात गंजू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की शेतीसंरक्षणासाठी परवाना घेतलेल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि त्याच दिवसांत रानडुकरे व वानर बागांची नासधूस करतात, ही आम्हा कोकणातील बागायतदारांची तक्रार आपल्या दैनिकातून वेळोवेळी मांडली गेली आहे. परवानाधारकाच्या निधनानंतर जमा होणाऱ्या आणि वारसाचा परवाना होईपर्यंत वर्षानुवर्षे मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या कोठारात, पडून राहणाऱ्या बंदुकांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आमच्या घरच्या बंदुकीवर ती वेळ आली, म्हणून हे पत्र.

पणजोबांनी घेतलेली ही बारा बोअरची दुनळी काडतुसी बंदूक आहे. तिला बाहेर दोन घोडे आहेत. आजोबा दर दसऱ्याला ती पाटावर ठेवून झेंडूची फुले व आपट्याची पाने वाहत असत. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी ते नळ्यांतून गजाला गुंडाळलेले तेलाचे फडके फिरवीत आणि त्यात कधी खंड पडू देत नसत. आजोबा गेल्यावर वडिलांनी कायद्याप्रमाणे बंदूक विनाविलंब ठाण्यात जमा केली. वारसाचा परवाना हाती येईपर्यंत चार पावसाळे उलटले. परत मिळाली तेव्हा ती गोणपाटात गुंडाळलेली होती, गोणपाट ओलसर होते आणि दस्त्यावर पांढरी बुरशी चढली होती. उजवा घोडा जागचा हलत नव्हता.

गावात एकाने ती बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, घासून चकचकीत करून देतो असे सांगितले. आम्ही ती त्याच्याकडे दिली नाही, याचे आज फार समाधान वाटते. दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका वृद्ध कारागिराकडे, आमचा परवाना सोबत घेऊन, वडील आणि मी ती घेऊन गेलो. त्यांनी नळ्या सुट्या करून दोरीला टांगल्या आणि नखाने हलकेच टिचकी मारली. घंटेसारखा नाद घुमायला हवा होता, पण आवाज बद्द आला. दोन नळ्यांमधली पट्टी तोंडाशी सुटली होती. ती कथलाने पुन्हा जोडावी लागली. अशा नळ्या रंगासाठी गरम क्षारांच्या कुंडात बुडवल्या तर हाच कथलाचा जोड उघडतो, म्हणून जुन्या दुनळीला तो झटपट काळा रंग कधीही देऊ नये, असे त्यांनी आम्हाला बजावले. गंज काढण्यासाठी त्यांनी बंदूक कित्येक दिवस तेलात भिजत ठेवली आणि मग तांब्याच्या पातळ पट्टीने बोटभर जागा घेत घेत खरवडली, कारण तांबे पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे नळीवर ओरखडा उठत नाही. गंज निघाल्यावर नळ्यांवर शिसवी लाकडाच्या रेषांसारखी वळणदार नक्षी दिसू लागली. लोखंड व पोलादाच्या कांबी एकत्र पिळून, त्यांची पट्टी गोल गुंडाळून आणि घणाने सांधून केलेल्या या दमास्कस नळ्या आहेत, हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. बफवर घासल्या असत्या तर ती नक्षी आणि तिच्याबरोबर नळीवरचे ठसेही गेले असते.

त्या ठशांत इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या, बार काढून नळ्या तपासणाऱ्या चाचणीगृहाची खूण आहे आणि शेजारी ‘नॉट फॉर बॉल’ ही अक्षरे आहेत. नळी तोंडाशी निमुळती असल्याने तिच्यातून सबंध गोळी झाडू नये, असा या अक्षरांचा अर्थ. ती 1875 ते 1887 याच काळात ठोकली जात, तेव्हा बंदुकीचे वय त्यावरून कळते. त्या काळची चाचणी काळ्या दारूची होती. आजची धूरविरहित दारूची काडतुसे अशा नळ्यांत वापरणे जिवावर बेतू शकते. शिवाय जुन्या बंदुकांत काडतूस बसण्याची जागा बहुधा अडीच इंच लांबीची असते, तर आजचे सर्रास मिळणारे काडतूस पावणेतीन इंचांचे असते. तोंड मुडपलेले असल्यामुळे ते आत बसते, परंतु बार होताना उलगडून पुढच्या अरुंद भागात शिरते आणि दाब वाढतो. बसले म्हणजे चालते, या समजुतीने कोणीही आजोबांच्या बंदुकीने बार काढू नये. आमच्या उजव्या नळीत गंजाने खड्डे पडले आहेत. आम्ही ती यापुढे झाडणार नाही.

झाडणार नसलो तरी तिला परवाना लागतोच. शस्त्र अधिनियम, 1959 मधील कलम 45 ची सवलत दुरुस्ती करूनही झाडता येणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे. नुसती जुनी किंवा बिघडलेली बंदूक त्यात येत नाही, आणि दुरुस्तीलाही त्याच अधिनियमाखाली परवाना असलेला कारागीर लागतो. माळ्यावर पडलेली बंदूक लपवून ठेवणारी कुटुंबे स्वतःला फार मोठ्या अडचणीत टाकत आहेत.

आमच्यावर आलेला प्रसंग टाळण्याची वाट नियमांतच आहे. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे परवानाधारकाच्या वयाला सत्तर वर्षे पूर्ण झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याकडे असली, तर तो हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो आणि वारसाला परवाना देता येतो. आजोबांना हे कोणी सांगितले असते तर बंदुकीला एकही पावसाळा मालखान्यात काढावा लागला नसता. मात्र अधिनियमात 2019 मध्ये झालेल्या बदलापासून वारसाने आलेली धरून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, हे घरात विचारविनिमय करताना ध्यानात घ्यावे. तसेच निधनानंतर बंदूक ठाण्याऐवजी परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवण्याचीही कायद्यात सोय आहे, पण शोकात असलेल्या घराला ती माहीत नसते आणि ठाण्यात कोणी आपणहून सांगत नाही.

परवान्याच्या नूतनीकरणाला येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ परवानाधारकाला या तरतुदींची माहिती मराठीत, छापील कागदावर, हाती द्यावी. मालखान्यात बंदूक जमा होताना तिची अवस्था पावतीवर नोंदवावी, ती गोणपाटात न गुंडाळता कोरड्या मांडणीवर ठेवावी, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा वारसाला पोलिसांच्या देखत तिला तेल लावू द्यावे. यासाठी सरकारला काही खर्च येणार नाही, कारण तेल आणि फडके आम्ही घरून आणू. येत्या मृगापूर्वी जिल्हा प्रशासनाने एवढी व्यवस्था करावी, ही आपल्या दैनिकामार्फत विनंती.

आपला,
एक परवानाधारक बागायतदार, जि. सिंधुदुर्ग