शरदाची पेटी भरायची आहे: सोलापूरकरांना आवाहन

नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात, कारखान्यांच्या गल्लीत आमची बालवाडी आहे. तीन ते सहा वर्षांची ४६ मुलं, दोन बाई, एक मदतनीस मावशी, दोन खोल्या आणि अंगणात एक देशी बदामाचं झाड. वस्तीतल्या आम्ही काही बायका मिळून ती चालवतो. बहुतेक मुलांचे वडील मागावर जातात, आया विड्या वळतात नाहीतर टॉवेलची शिलाई करतात. आज तुमच्याकडे मागायला आलो आहोत. पैशाचं मागणं थोडं आहे, खरं मागणं वेगळंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षी वर्गणी काढून आम्ही मुलांसाठी छापील पुस्तकांचा एक संच आणला. त्यात ऋतूंची पानं होती. शरद ऋतूच्या पानावर लाल-केशरी मेपलचं मोठं पान, शेजारी भोपळा आणि स्वेटर घातलेला मुलगा. मुलांनी पान मन लावून रंगवलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चार वर्षांची एक पोर अंगणात खाली वाकून काहीतरी शोधत होती. बाईंनी विचारलं, "काय हरवलं गं?" तर म्हणाली, "पुस्तकातलं पान बघायलेय." ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं आणि आमचा बदाम हिरवागार होता. पान सापडलं नाही म्हणून ती हिरमुसली. आम्हालाच लागलं ते. जे तिच्या अंगणात कधी पडणारच नाही, ते आम्ही तिला "शरद" म्हणून शिकवलं होतं.

पुस्तकात छापलेलं खोटं नाही. थंड देशांत सप्टेंबरनंतर दिवस लहान होतात, गारठा वाढतो, आणि झाड पानातलं हरितद्रव्य तयार करणं थांबवतं. हिरवा रंग ओसरला की पानात आधीपासून दडलेला पिवळा दिसू लागतो. मेपलसारख्या काही झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. मग पान गळतं. आपल्याकडे बरीच झाडं पानं टाकतात ती थंडी सरता सरता, कोरडे दिवस लागले की, अंगातलं पाणी राखायला. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि तो पानगळीचा नाहीच. तो भरलेला असतो. सप्टेंबरात सोलापूरवर वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस पडतो, हस्ताचा हत्ती गडगडून जातो, काळ्या रानाला वाफसा येतो आणि ज्वारीची पेरणी सुरू होते. रस्त्याकडेला तरवड पिवळाधमक फुललेला असतो, बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, बाजारात झेंडूचे ढीग आणि सीताफळं. हे सगळं आमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर आहे, फक्त वर्गात नाही.

म्हणून यंदा आम्ही ठरवलं की शरदाची पेटी, म्हणजे आपल्याकडच्या शरदातल्या वस्तूंचा संच, आपणच करायची. यात आमचं नवल काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं, तेव्हा बिया, पानं, दगड, शिंपले हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य होतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. शिकवायचं कसं हे ठाऊक आहे, हाताशी वस्तू नाहीत.

गेल्या वर्षी त्या पुस्तकानंतर आम्ही घाईघाईने एकच गोष्ट करून पाहिली होती, ती सांगतो. घटस्थापनेला दोन परड्यांत काळी माती भरून मुलांच्या हाताने ज्वारी, गहू, हुलगे, मूग पेरले. एक परडी खिडकीत ठेवली, दुसरी पाटीखाली झाकली. रोज सकाळी एकेका मुलाने पाणी शिंपडायचं, आणि कोंब जेवढा वाढला तेवढा दोऱ्याचा तुकडा कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचा. पहिले दोन दिवस पुठ्ठा रिकामाच. मग नखाएवढा दोरा, मग बोटाएवढा, नवव्या दिवशी वीतभर. ज्यांना अजून दहापर्यंत मोजता येत नाही, त्यांनाही "काल एवढं होतं, आज एवढं झालं" हे बोट ठेवून सांगता येत होतं. पाचव्या दिवशी पाटी उचलली तर झाकलेले कोंब उंच झालेले, पण पिवळेफटक. खिडकीतले बुटके आणि हिरवे. एक मुलगा म्हणाला, "बाई, हे आजारी आहे, याला उन्हात ठेवा." ठेवलं. दोन दिवसांत ते हिरवं व्हायला लागलं. देवघरातल्या अंधारात घट पिवळा का उगवतो, हे आमच्यापैकी कितीजणींनी आयुष्यभर पाहिलं होतं, पण कधी विचारलं नव्हतं. थंड देशातल्या झाडाचं पान पिवळं पडतं तेव्हाही गोष्ट त्याच हिरव्या रंगाची असते. यंदा मेपलचं चित्र या दोन परड्यांच्या शेजारी लावू, म्हणजे त्या पानालाही वर्गात जागा मिळेल.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. बाईंनी मूठभर ज्वारी दाखवून "हे काय?" विचारलं. कोणी ज्वारी म्हणालं, कोणी जोन्नलु, कोणी जोळा, कोणी जवार. आमच्या वर्गात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं एका सतरंजीवर बसतात. दाणा एक, नावं चार, आणि चारही बरोबर. शाळेत गप्प बसणारी तेलुगू मुलं त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलली. भाषेचा तास यापेक्षा चांगला आम्हाला घेता आला नसता.

यंदा भोंडला नीट करायचा आहे. पाटावर तांदळाचा हत्ती काढायचा, त्याभोवती फेर धरायचा, आणि शेवटी खिरापत ओळखायची. ही खिरापत ओळखणं म्हणजे लहान मुलांसाठी फार मोलाचं आहे असं आम्हाला मनापासून वाटतं. झाकलेला डबा कानाशी हलवायचा. खडखडलं तर शेंगदाणे असतील, काहीच वाजलं नाही तर शिरा असेल. वास घ्यायचा, जड आहे का हलका ते बघायचं, प्रश्न विचारायचे: गोड आहे? खारं आहे? चावावं लागतं? मूल अंदाज बांधतं, चुकतं, पुन्हा विचारतं. खिरापतीला महागाचं काही नको. चुरमुरे, फुटाणे, काकडीच्या फोडी, काहीही चालेल. आयांना खर्चात पाडायचं नाही हे पक्कं ठरलं आहे.

आमच्या भागात नवरात्रात तेलुगू घरांत बतुकम्मा, म्हणजे फुलांची देवी, रचतात. ताटात फुलांचे थर, खाली रुंद, वर निमुळते. तरवड, म्हणजे त्यांचं तंगेडु, आणि कुर्डू, झेंडू. रंग ओळखणं, लहान-मोठं लावणं, गोलात रचणं, सगळं त्या एका ताटात येतं. आमच्या दोघी बाईंना ते रचता येत नाही. कोणी अक्का येऊन मुलांच्या हातून रचून घेतील का?

दसऱ्याला आपट्याचं पान. ते मधोमध दुमडलं की दोन्ही बाजू एकमेकींवर बरोबर बसतात. मग तसंच बाकीच्या पानांचं करून बघायचं. मुलांमागे दोन पानं पुरतात, म्हणून हात जोडून सांगतो की आमच्यासाठी फांद्या तोडू नका.

आणि चंद्र. घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत मुलांनी रोज संध्याकाळी आई-वडिलांबरोबर आभाळ बघायचं आणि घरी दिलेल्या छोट्या पाटीवर चंद्र काढायचा. शुक्ल पक्षात चंद्र संध्याकाळीच आकाशात असतो, त्यामुळे मुलांना जागवावं लागत नाही. पहिल्या दिवशी दिसत नाही, मग पश्चिमेला बारीक कोर, मग अर्धा, आणि कोजागरीला सूर्य बुडता बुडता पूर्वेकडून आख्खा गोल. त्या संध्याकाळी सात वाजता बालवाडीत पालकांसह मसाला दूध आहे. त्याच दिवसांत सोलापुरातून तुळजापूरला पायी निघणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतात. तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. आमच्या काही मुलांच्या घरचेही चालत जातात. परत आल्यावर त्यांनी मुलांना सांगावं की वाटेत काय काय दिसलं.

आता मागणं.

धान्य आणि बिया हव्यात: ज्वारी, हुलगे, तूर, मूग, करडई, चिंचोके. एक वाटीही चालेल. कोणाच्या घरी गेल्या सुगीचं मालदांडी ज्वारीचं कणीस टांगलेलं असेल तर ते आवर्जून द्या. आमच्या बऱ्याच मुलांनी ज्वारी पिशवीतच पाहिली आहे. उत्तर किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यात ज्यांचं रान आहे त्यांनी एक पोतं काळी माती आणून टाकली तर उपकार होतील. पण गुंजा, एरंड, धोतरा, कण्हेर यांच्या बिया कृपा करून देऊ नका. गुंजा दिसायला फार सुंदर, पण विषारी आहेत. लहान गटातल्या मुलांना आम्ही सुट्या बिया हाताळायलाच देत नाही, नाकातोंडात जायची भीती असते. पारदर्शक बाटलीत घालून, झाकण पक्कं बंद करून देतो. म्हणून रुंद तोंडाच्या, जाड प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्याही हव्या आहेत.

कारखानदार मंडळींना वेगळी विनंती. सुताचे रिकामे कोन, उरलेलं रंगीत सूत, टॉवेलच्या कापलेल्या पट्ट्या, चादरीचे तुकडे आम्हाला द्या. खरखरीत-मऊ ओळखायला यासारखं साहित्य नाही. आणि मागावर नक्षी उमटवणाऱ्या जेकार्डचे भोकं पाडलेले जुने पुठ्ठे कोणाच्या माळ्यावर पडले असतील तर ते टाकू नका. बुटाची नाडी त्या भोकांतून वर-खाली ओवायला मुलांना फार आवडेल, आणि लिहायच्या आधी बोटं वळायला तेच हवं असतं. ज्या पुठ्ठ्यांच्या आधाराने बाप दिवसभर चादरीची नक्षी विणत होता, त्यावर पोराचं बोट फिरेल. फक्त तेल-ग्रीस लागलेले नकोत.

पैशाचा हिशेब असा. मुलांच्या उंचीची दोन उघडी कपाटं सुताराकडून करून घ्यायला ७,५०० रुपये. ४६ छोट्या पाट्यांचे २,३००. बिया निवडायला २४ स्टीलची ताटं, २,४००. कोजागरीचं दूध आणि मसाला १,३००. एकूण १३,५००. त्यातले ४,००० आमच्या वर्गणीतून जमले आहेत, ९,५०० कमी पडतात. पन्नास रुपये दिलेत तर एका मुलाची पाटी होते. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल. आयकरात सवलत देणारं प्रमाणपत्र आमच्याकडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जमा-खर्चाचा कागद दिवाळीआधी बालवाडीच्या दारावर लावू.

आणि वेळ हवा आहे. आजी-आजोबांनो, आठवड्यातला एक तास द्या. सुपात धान्य पाखडून दाखवा, जात्यावर दोन मुठी दळून दाखवा, तुमच्या भाषेत तरवडाला काय म्हणतात ते सांगा. शिकवायचं दडपण घेऊ नका. तुमचे हात चालताना मुलांनी बघावं एवढीच इच्छा आहे.

पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची-द्यायची नाही असं काही घरांत पाळतात. त्यांनी अनंत चतुर्दशीच्या आत आणून द्यावं. ज्यांना घरच्या गेलेल्या माणसाच्या नावाने दान करायचं असेल, त्यांची पावती त्या नावाने करू आणि कपाटावर ते नाव लिहू. शेवटचा दिवस सर्वपित्री अमावास्या, कारण दुसऱ्या सकाळी परडीत माती भरायची आहे.

बालवाडी सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते दीड उघडी असते. पेटी दारातच, बदामाच्या झाडाखालच्या कट्ट्यावर ठेवली आहे. कोणी नसेल तर शेजारच्या पिठाच्या गिरणीत ठेवलंत तरी पोचेल. पिशवीवर आत काय आहे ते तुमच्या घरच्या भाषेत लिहा. मुलांना ते वाचून दाखवायचं आहे.

आपल्या,
बालवाडी चालवणाऱ्या वस्तीतल्या भगिनी
सोलापूर