खताला थर्मामीटर कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, घरच्या ओल्या कचऱ्याचं खत कसं करावं यावरचा लेख वाचला आणि रात्रभर त्याच्याशी मनातल्या मनात भांडलो. लेखिकाबाईंचा अभ्यास दांडगा आहे, वादच नाही. पण कर्ब-नत्राचं (म्हणजे कचऱ्यातल्या कार्बन-नायट्रोजनचं) ३०:१ प्रमाण, ढिगात खुपसायचा थर्मामीटर, दर तीन दिवसांनी उलथापालथ, सालांचे इंचाइंचाचे तुकडे आणि वर कचरा कुजवायला विकतचं विरजण! चार वांगी-टोमॅटो लावणाऱ्याने हे सगळं करायचं, तर भाजी कधी लावायची?

मी केलंय एकदा, म्हणून बोलतो. असाच एक लेख वाचून फावडं उचललं. सालं चिरून सुरी बोथट झाली. पाचोळा मात्र घालायचा राहिला; त्या आकडेमोडीत तो कुठे दिसलाच नाही. दुसऱ्या आठवड्यात ढिगाचा नुसता चिखल. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काही मेलंय का हो तिकडे?" वैतागून वर दोन पोती वाळका पाला ओतला आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही. नऊ महिन्यांनी पाला सारला तर खाली काळंभोर, भुसभुशीत खत, ओल्या मातीच्या वासाचं. गांडुळंही आपली आपण आलेली. आणि कडेने कुणी न लावलेला भोपळ्याचा वेल.

तेव्हापासून माझं शास्त्र एवढंच: घमेलंभर ओल्या कचऱ्यावर दोन-तीन घमेली वाळका पाला. वास आला तर आणखी पाला, कोरडं पडलं तर पाणी. असा ढीग तापत नाही, त्यामुळे सहा महिने ते वर्ष लागतं आणि तणाचं बी मरत नाही, हे कबूल. तेवढं तण उपटायला मी वाकतो. ज्यांना ढीगही नको, त्यांनी रिकाम्या वाफ्यात दीड वीत खड्डा करून ओला कचरा पुरावा आणि विसरून जावं.

जाता जाता: तुमचा रोजचा अंक फाडून घातला की ढिगात छान जिरतो (हे कौतुक समजावं). ती गुळगुळीत पुरवणी मात्र जिरत नाही. गेल्या वर्षी चुकून गेलेली एक परवा निघाली, राशिभविष्यासकट. माती झटकून माझी रास वाचली. 'परिश्रम वाढवावेत', असं होतं.

आपला,
एक आळशी वाचक