दुपारी दोनला बंद होणारं पाळणाघर : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

आमच्या तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या आवारात, अंगणवाडीला जोडून, पाळणाघर सुरू होणार असं भर सभेत सांगण्यात आलं. आई कामावर असेल तोवर बाळ सुरक्षित, असं ते वाक्य होतं. खोली रंगवली गेली, भिंतीवर मोर-हत्ती आले, कोनशिला बसली, फीत कापली गेली, फोटो निघाले. पाळणाघर सेविका आणि मदतनीस यांची नेमणूक तेवढी राहिली. आता वरून तोंडी सूचना आली आहे की, नेमणूक होईपर्यंत अंगणवाडीच्या सेविकेनंच सांभाळून घ्यावं आणि मनुष्यबळ नसल्यानं दुपारी दोनला बंद करावं. लेखी द्या म्हटलं की कुणी देत नाही. म्हणून लेखी आम्हीच, अंगणवाडी-पाळणाघरात काम करणाऱ्या बाया, देतो आहोत.

निंदणीला, कापूस वेचायला किंवा बांधकामावर गेलेली बाई दोनला घरी येत नाही. पाच वाजतात, सहा वाजतात. दोनला बाळ घ्यायला कोण येणार? तिसरी-चौथीतली बहीण. म्हणजे तिची शाळा मधल्या सुट्टीलाच सुटली. बाळाला कडेवर घेऊन ती एकदा घरी गेली की परत वर्गात येत नाही. शाळेला पाळणाघर का जोडायचं, याचं निम्मं उत्तर या मुलीतच आहे.

हे काही आम्हाला नव्यानं सुचलेलं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून त्याला विकासवाडी म्हटलं. आदिवासी पाड्यावरची मोठी मुलं धाकट्यांना सांभाळण्यात अडकतात, हे त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं. या राज्याला परदेश दौरा करून मॉडेल आणायची गरज नाही. डहाणू तालुक्यापर्यंत गेलं तरी पुरे.

योजनाही कागदावर आहेतच. २००६ ला राजीव गांधींच्या नावानं राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. २०१७ ला ती राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणून राज्यांच्या हिश्शासह राबवायची ठरली. २०२२ पासून 'मिशन शक्ती'खाली ती 'पाळणा' झाली आणि अंगणवाडी-सह-पाळणाघर हा प्रकार आला. नाव दोनदा बदललं. सहा महिने ते सहा वर्षांची २५ मुलं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, एक सेविका, एक मदतनीस, हा हिशेब तेवढा टिकून राहिला. तो हिशेब बसतो का, हे एकदा आमच्याबरोबर करून पाहा.

२५ पैकी १० मुलं दोन वर्षांच्या आतली धरा. प्रत्येकाचा लंगोट दिवसातून किमान चार वेळा बदलावा लागतो, म्हणजे ४० वेळा. ओला लंगोट काढणं, कोमट पाण्यानं धुणं, कोरडं करणं, मेणकापड पुसणं, आपले हात साबणानं धुणं, याला पाच मिनिटं लागतात. झाले २०० मिनिटं, तीन तास वीस मिनिटं. मग भरवणं. सात-आठ महिन्यांचं बाळ वाटी-चमच्यानं भरवायला पंधरा मिनिटं घेतं. दोघांना समोर बसवून एकदम भरवलं तरी दहा जणांचे सव्वा तास, आणि दिवसात निदान दोनदा. म्हणजे एका बाईचे जवळजवळ सहा तास फक्त ढुंगण धुण्यात आणि तोंड पुसण्यात गेले. (भाषेबद्दल माफ करा, पण काम हेच आहे.) स्वयंपाक, भांडी, झाडलोट, ४० लंगोट धुऊन वाळवणं अजून बाकीच. उरलेल्या १५ मुलांशी दुसरी बाई खेळणार, बोलणार, गाणी म्हणणार, शी-शूला नेणार, आणि मध्येच पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर नोंद करणार. आता यातली पाळणाघर सेविका आणि मदतनीस काढून टाका आणि अंगणवाडीच्या सेविकेला "सांभाळून घ्या" म्हणा. तिच्याकडे तिची स्वतःची तीन ते सहा वयाची मुलं आहेत, लसीकरणाचा दिवस आहे, गृहभेटी आहेत, उंची-वजनं आहेत.

घाई झाली की काय चुकतं, तेही सांगतो. एकच फडकं सगळ्यांना पुसायला वापरलं जातं, आणि आठवड्यात अर्ध्या मुलांना जुलाब लागतात. भरवणारा हात आणि लंगोट बदलणारा हात एकच असतो, मध्ये साबण राहून जातो. वेळ वाचवायला बाटली येते. बाटलीचं बूच आणि निपल उकळायला कुणाला सवड नसते. आईनं पिळून ठेवलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तासांच्या पुढे ठेवू नये, उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. पण फ्रिज नाही, आणि असला तरी वीज नाही. तान्ही बाळं पालथी झोपवली जातात कारण पालथी लवकर झोपतात. त्यांना उताणंच झोपवावं आणि झोपलेल्या मुलांच्या खोलीत एक मोठं माणूस सतत जागं असावं, हा नियम पाळायचा तर ते माणूस हवं ना?

खोलीबद्दल. आम्हाला दिलेली खोली शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघराला लागून आहे आणि तिच्या दारावरच शाळेची घंटा टांगलेली आहे. लहान मुलं साडेबारा ते अडीच झोपतात. त्याच वेळात मधली सुट्टी होते, ताटं वाजतात, घंटा दोनदा होते, दीडशे पोरं पळत सुटतात. एक बाळ उठलं की दहा उठतात. पाळणाघराची खोली नेहमी इमारतीच्या टोकाची, स्वतंत्र दाराची, स्वतःच्या छोट्या कुंपणाच्या अंगणाची असावी. हात धुवायचं बेसिन जमिनीपासून दीड फुटावर हवं. शौचालयात मोठ्यांचं भांडं बसवून उपयोग नाही, तीन वर्षांचं मूल त्यावर बसायला घाबरतं आणि बाहेर चौकटीशी करतं. पाणी रोज निदान २०० लिटर लागतं. लंगोट वाळवायला उन्हातली दोरी लागते. यातलं काहीही महाग नाही. रंगाऱ्याच्या मोराइतकंही नाही.

शाळेच्या आवारात आणलं, पण शाळेशी जोडलं कुठं? खोली शिक्षण विभागाची, अंगणवाडी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची, दुरुस्ती जिल्हा परिषदेच्या बांधकामची. छत गळलं तर तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं. छोट्या शाळेचा पट ३० पर्यंत असेल तर तिला वर्षाला १० हजार रुपये, त्यातच खडू, झाडू आणि वीजबिल. आमची मुलं त्या पटात मोजली जात नाहीत, मग मुख्याध्यापकांनी आमच्या पंख्याचं बिल का भरावं? त्यांचा राग आम्ही समजू शकतो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या फाटकाला कुलूप लागतं. अंगणवाडीला वर्षाचे ३०० दिवस आहार द्यायचा आहे, पाळणाघराला महिन्याचे २६ दिवस चालायचं आहे, आणि फाटकाची किल्ली सुट्टीवर. त्यातच अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसात दोनदा आत यावं लागतं, तर शाळेच्या वेळेत बाहेरच्यांना प्रवेश नाही.

सुरक्षेचा मुद्दा आम्ही हलका मानत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची घटना उघड झाली आणि शाळांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश निघाला. बसवा. पण कॅमेरा मुलाला शीला नेत नाही. लहान मुलांजवळ, शौचालयाजवळ, नेहमी बाईमाणूस आणि तेही दोन, एकटं कुणीही नाही, हा खरा बंदोबस्त. दुसरा म्हणजे सोपवण्याची वही. मूल कुणी आणलं, कधी आणलं, अंगावर काही खूण होती का, ताप होता का, न्यायला कोण येणार, त्याचा फोटो आणि सही. दहा वर्षांच्या बहिणीकडे बाळ देणं या वहीत बसतच नाही. आणि दोनला बंद करायचं तर नेमकं तेच करावं लागतं.

आहाराचंही तसंच. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाचा हक्काचा आहार टीएचआरच्या, म्हणजे घरी न्यायच्या शिध्याच्या, पाकिटातून घरी जातो. घरी तो सगळ्यांच्यात वाटला जातो. मूल मात्र दिवसभर आमच्याकडे. त्याला मऊ भात-वरण, तेलाचा चमचा, अंडं, केळं इथंच शिजवून, कुस्करून, दर अडीच-तीन तासांनी द्यायला हवं. त्याचं पोट वाटीएवढंही नसतं, एकदम जास्त खात नाही. सर्वसाधारण मुलासाठी दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात घातलेला नियम, आणि आहारासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर ८ रुपये. एका अंड्यालाच सात रुपये मोजावे लागतात. उरलेल्या एका रुपयात काय शिजवायचं, ते आपण पत्रकार परिषदेत सांगावं, आम्ही तिखटमिठासह लिहून घेऊ.

आता आमच्याबद्दल बोलतो, कारण ते कुणी बोलत नाही. केंद्रानं ठरवलेलं मानधन २०१८ च्या ऑक्टोबरपासून सेविकेला ४,५०० आणि मदतनीसाला २,२५० रुपये. त्यावर राज्य भर घालतं, आणि ती भर वाढावी म्हणून २०२३ च्या ४ डिसेंबरपासून पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागतो. ग्रॅच्युइटी आमचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. काम सरकारी, हजेरी सरकारी, नोटीस सरकारी, पगार मात्र 'मानधन'. टीएचआर देताना लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलला ओळखू यायला हवा. डोंगरात नेटवर्क नाही, चेहरा जुळत नाही, तर आई आमच्यावर ओरडते. २०२४ मध्ये लाडक्या बहिणींचे अर्ज भरायला अर्जामागे ५० रुपये म्हणून आम्हालाच बसवलं. अर्ज भरत होतो तेव्हा आमच्या वर्गातली मुलं कुणाच्या ओट्यावर होती, हे कुणी विचारलं नाही. बहिणीला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, चांगलं आहे, आमचा विरोध नाही. पण त्या बहिणीचं बाळ सहा वाजेपर्यंत कुणीतरी धरलं असतं, तर ती तेवढे चार-पाच दिवसांत मजुरीतून कमावते आणि वर तिची मुलगी शाळेत बसते.

कायद्यातसुद्धा माणसं दोन प्रकारची आहेत. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता यावं, असं २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत आलं. ३० पेक्षा जास्त कामगार महिला असलेल्या कारखान्याला १९४८ च्या कारखाने कायद्यानं ते बंधन होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं असली तर सांभाळायला एक बाई नेमायची होती. नेमलेली कुणी पाहिली असेल तर कळवा. नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा, शेतमजूर आईला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये. रोज तीनशे धरला तर सतरा दिवसांची मजुरी. अठराव्या दिवशी तिनं बाळ कुठं ठेवायचं?

संविधानाच्या ४५ व्या कलमात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या संगोपन-शिक्षणासाठी राज्य 'प्रयत्नशील राहील' असं लिहिलंय. शिक्षणहक्क कायद्यात तीन वर्षांवरच्यांसाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल'. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाच्या आत होतो असं छापलंय. तेवढ्या मेंदूसाठी आपण एक मोर रंगवला. दुसरीकडे २० च्या आतल्या पटाच्या शाळा समूह शाळांत विलीन करायचं २०२३ मध्ये घाटत होतं. शाळाच गेली तर तिला जोडलेलं पाळणाघर कशाला जोडलेलं राहणार? मग लोक तीन वर्षांच्या पोराला इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत कोंबतात आणि आपले अधिकारी म्हणतात, पालकांची मानसिकता बदललीय.

मागण्या फार नाहीत. पाळणाघराची सेविका आणि मदतनीस वेगळ्या नेमा, आणि दोन वर्षांखालची मुलं आठाहून जास्त असतील तिथं दुसरी मदतनीस द्या. वेळ सकाळी साडेनऊ ते सहा करा, दोन पाळ्यांत. फाटकाची एक किल्ली पाळणाघराकडे राहील असा आदेश शिक्षण विभागाच्या सहीनं काढा, सुट्ट्यांसह. वीज आणि पाण्याचं बिल आपल्या विभागानं थेट भरावं. तीन वर्षांखालच्यांना केंद्रातच शिजवलेला आहार द्यावा आणि ८ रुपयांचा दर बदलावा. नव्या मुलाच्या पहिल्या आठवड्यात आईला रोज तासभर बाळाजवळ बसावं लागतं, त्या तासांची मजुरी बुडते, ती भरून द्यावी. शेवटची मागणी आपल्याला हसू आणेल, पण तीच न केल्यानं मुलं रडत राहतात आणि चौथ्या दिवशी आणणं बंद होतं.

आणि दोनला बंद करायचा आदेश खरोखर कुणाचा असेल, तर त्यानं त्यावर सही करावी.

आपल्या,
अंगणवाडी व पाळणाघरात काम करणाऱ्या काही जणी

प्रत : मा. शालेय शिक्षण मंत्री, मा. ग्रामविकास मंत्री. कृपया तिन्ही विभागांनी एकाच टेबलावर बसून वाचावं. वेगवेगळं वाचलंत तर "संबंधित विभागाकडे वर्ग" असा शेरा येईल, आणि तो शेरा आमच्याकडे आधीच आहे.