कूलरची टाकी, छेद आणि बारावीनंतरच्या वाटा

घाटंजी, जि. यवतमाळ

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "नीटमध्ये नाही जमलं तर आरोग्याच्या क्षेत्रात उरतं तरी काय?" फोनवर हे सांगणं होत नाही, म्हणून कागद घेतला.

आरोग्य म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे खाट येते, खाटेवर एक रोगी आणि बाजूला डॉक्टर. सार्वजनिक आरोग्यात खाटेवर गाव असतं, आणि गावाची नाडी भागाकाराने पाहतात. समज, एका गावात डेंग्यूचे 9 रुग्ण निघाले, दुसऱ्यात 5. घाईतला माणूस धुराचं मशीन पहिल्या गावात धाडेल. पण पहिल्याची वस्ती 3000 आणि दुसऱ्याची 600. म्हणजे पहिल्यात हजारी 3, दुसऱ्यात हजारी 8 च्या वर. आग दुसऱ्या गावाला लागली आहे. अंश सगळ्यांना दिसतो, छेद विचारणारे थोडे. तेव्हा बायोलॉजी घेतलीस तरी गणित सोडू नकोस. मैत्रिणी सोडताहेत म्हणून तर अजिबात नको.

मोजणीत किती ताकद असते ते पाहायला लांब जावं लागत नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली, आणि तुलनेसाठी आणखी 47 गावांतले जन्म-मृत्यू मोजले. गावातल्याच बायांना बाळाचे श्वास मोजणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेच्या गावांचा हिशेब धरून, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ती 47 गावं नसती, तर 'त्या वर्षांत पीकपाणी बरं होतं म्हणून बाळं वाचली' असंही कोणी म्हणू शकला असता. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात. त्या फेऱ्यांचं मूळ या कामात आहे.

आपल्याच जिल्ह्याचं 2017 चं उदाहरण घे. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली. दवाखान्याने एकेकाला वाचवायची शिकस्त करायची असते. सार्वजनिक आरोग्यवाला विचारतो, याच वर्षी इतकी का? झाडं डोक्याच्या वर वाढलेली, म्हणून फवारा तोंडावर. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. तोंडाला रुमाल, अंगात घामाने ओला शर्ट, आणि ओल्या कातडीतून विष आत शिरतं. यातलं एकही कारण सलाईन लावून जात नाही.

आता तुझ्या हाताने करायचं काम. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावची 50 घरं घे आणि डासअळ्यांची पाहणी कर. नवतपा सरला, पाऊस पडला की आपल्याकडे कूलर बंद होतो, टाकीतलं पाणी मात्र तसंच राहतं. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. टाकी नुसती उलटी केली तर अंडी तिथंच राहतात, कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून टाकी घासायची. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस लागतात, कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून घासायचा दिवस, आठवड्यातून एकदा पाळायचा तो यासाठी.

वहीत रकाने आख: घर क्रमांक, घरातली माणसं, पाणी असलेली भांडी, त्यांतली अळ्यांची भांडी, भांडं कोणतं (रांजण, ड्रम, कूलर, टायर, फ्रीजमागचा ट्रे), पंधरा दिवसांत कोणाला ताप. घरच्यांना विचारूनच आत जा. टॉर्च मार आणि मिनिटभर थांब, कारण उजेड पडताच अळ्या तळाला जातात. घाई केलीस तर भांडं स्वच्छ लिहून मोकळी होशील. अळी पाण्याच्या पृष्ठाला आडवी पडून असेल तर ती मलेरियाच्या डासाची. तिरपी, डोकं खाली करून लटकलेली असेल तर डेंग्यूवाली किंवा साध्या क्युलेक्सची.

मग हिशेब. समज, 50 घरांपैकी 12 घरांत अळ्या मिळाल्या, 180 भांड्यांपैकी 15 भांड्यांत. शंभर घरांत अळ्यांची घरं 24, हा घर निर्देशांक; शंभर भांड्यांत अळ्यांची भांडी 8.3, हा भांडी निर्देशांक; आणि शंभर घरांमागे अळ्यांची भांडी 30, याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. घर निर्देशांक फक्त घर मोजतो, एका घरात पाच भांडी भरली असली तरी त्याला एकच दिसतं. ब्रेटो त्यामुळे जास्त बोलका.

सगळ्यात मोठी चूक कुलूपबंद घरांपाशी होते. माणसं वावरात गेलेली असतात, पाहणारा शेजारच्या घरात शिरतो आणि पन्नास पुरे करतो. दिवसा घरी असतात ते म्हातारे आणि दुकानदार. मजुरांची घरं सुटतात, आणि नळ रोज येत नसल्याने त्यांच्याकडेच पाणी जास्त दिवस साठवलेलं असतं. बंद घर बंद म्हणून लिही आणि संध्याकाळी परत जा. दुसरी चूक, अळ्या दिसल्या की घरच्या बाईला बोल लावणं. पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

वाटांचं सांगतो. बारावीनंतर एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचं, त्यातून आरोग्यसेविका. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. ते किंवा बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) केलं की उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. सपाट भागात उपकेंद्र साधारण 5000 लोकांमागे असतं, आदिवासी-डोंगरी भागात 3000 मागे. एमबीबीएस झालंच, तर पुढे कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कॉलेज 1969 पासून आहे आणि तिथली मुलं पहिल्याच वर्षी गावात शिबिराला राहतात. तिकडे जाऊन बघून तरी ये, वर्ध्याहून काय लांब.

पण डॉक्टर-नर्स नसलेल्यांची वाट तुला कोणी सांगत नाही. झूऑलॉजी करून कीटकशास्त्र, म्हणजे डासांचंच काम. स्टॅटिस्टिक्स करून मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत. कोणत्याही शाखेची पदवी घेऊन एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची. देवनारलाच टाटा समाजविज्ञान संस्थेत ते शिकवतात. कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व जन आरोग्य संस्था तर 1932 ची.

पगाराचं झाकून ठेवत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बऱ्याच जागा कंत्राटी, करार 11 महिन्यांचे. आशाताईला तर पगार नाही, मोबदला असतो. माझ्या मते हा अन्याय आहे, पण तू डोळे उघडे ठेवून ठरव. पदवी आधी, एमपीएच मागाहून, आणि मधे दोन वर्षं एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत काम, हा क्रम मला बरा वाटतो. काम न करता एमपीएच केलेल्यांना तक्ता येतो, पण त्यातला आकडा कुठल्या घरातून आला ते कळत नाही.

येताना जाड पुठ्ठ्याची वही आण. टॉर्च घरी आहे, सेल मी आणून ठेवतो. कुलूपबंद घरांसाठी वेगळा रकाना आधीच आखून ठेव.

तुझे बाबा