बायकांनी जायचं कुठं, तेवढं एकदा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात योजनांच्या बातम्या येतात, निधी किती आला ते येतं, पालकमंत्री काय बोलले ते फोटोसकट येतं. पण तो निधी ज्या बाईसाठी आलाय तिने सकाळच्या एसटीने तालुक्याला उतरून नक्की कुठल्या दारात उभं राहायचं, ते काही छापून येत नाही. म्हणून हे पत्र. मी गुहागर तालुक्यातली, बचत गटाचं काम बघते, आणि त्यामुळे आसपासच्या चार वाड्यांतल्या बायका काही अडलं की मलाच विचारतात. मला सगळं माहीत असतं असं नाही, पण विचारायला दुसरं कोण आहे?

सेवाच नाहीत असं माझं म्हणणं नाही हां. आहेत, आणि बऱ्याच फुकट आहेत. बाळंतपणाचंच घ्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण करायचं तर २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात नॉर्मल असो नाहीतर सिझर, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सगळं मोफत, नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस जेवण पण मोफत, आणि घरून दवाखान्यात न्यायला, पुढे मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं तर तिथे न्यायला आणि बाळाला घेऊन घरी सोडायला गाडी पण मोफत. कार्ड पिवळं की केशरी की पांढरं, काही बघत नाहीत. बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारी पडलं तर त्याचा उपचार पण यात धरलाय. आता सांगा, तुमच्या वाचकांपैकी किती जणांना हे पूर्ण माहीत असेल? आमच्याकडे अजून लोक इको नाहीतर ओमनी भाड्याने करतात, पावसात आणि रात्रीचं असेल तर ड्रायव्हर सांगेल तो आकडा, आणि परत येताना पुन्हा तेच. कारण १०८ सगळ्यांना पाठ आहे पण १०२ म्हणजे गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठीची गाडी हे कुणी सांगितलेलंच नाही. आणि गाडी आली तरी ती डांबरी रस्त्यालाच थांबते, खालच्या वाडीतून पाखाडी चढून, साकव ओलांडून बाईला खुर्चीत बसवून वर आणायचं काम चार माणसांचं आहे, आणि तरणी माणसं तर सगळी मुंबईत. म्हणून नंबर आधीच माहीत असावा लागतो, कळा सुरू झाल्यावर शोधत बसण्यात अर्थ नाही.

आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर नंबर लिहिलेले आहेत, खोटं नाही बोलणार. पण ते ऑइलपेंटने लिहिले त्याला किती पावसाळे झाले कोण जाणे, खालून शेवाळ चढलंय आणि एका मोबाईल नंबरचा शेवटचा आकडा ३ आहे की ८ ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. ज्या मॅडमचा तो नंबर होता त्यांची बदली पण होऊन गेली म्हणतात.

अजून एक, हे खास आपल्या कोकणातलं. नवरा मुंबईला, बाईचं नाव रेशनकार्डावर नालासोपाऱ्याला नाहीतर दिव्याला, आणि पहिलं बाळंतपण माहेरी गावाला. तिची नोंद कुणी करायची? आशाताई म्हणते तिकडे झाली असेल, तिकडचे म्हणतात तुम्ही गावाला आहात ना. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६००० मिळतात, पण फॉर्म बहुतेक करून आशा नाहीतर अंगणवाडीतून जातो, बँक खातं आधारला जोडलेलं लागतं, आणि माता बाल संरक्षण कार्ड हातात लागतं. ते कार्ड नेमकं मुंबईच्या खोलीत कपाटात राहिलेलं असतं. गावाला यायच्या आधी कार्ड बॅगेत टाका, एवढी एक ओळ गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी छापलीत तरी कितीतरी बायकांची खेप वाचेल. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे. पेपरात रोजचं पंचांग येतं, त्यात ९ तारखेला ही पण ओळ टाकायला काय हरकत आहे?

हे झालं उघड बोलता येणारं. न बोलता येणारं जास्त अवघड आहे. घरात मार खाणारी बाई कधी स्वतःचं विचारत नाही, ती "आमच्या एका ओळखीच्या बाईचं विचारायचं होतं" असं म्हणते, आणि सगळ्या बायका निघून गेल्यावर भांडी आवरायला मदत करत करत विचारते. तिला मी १८१ सांगते, महिला हेल्पलाईन, २४ तास. पण फोन तिच्याकडे असतो का? घरात एकच मोबाईल, तो नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे, रेंज यायला सड्यावर चढायचं, आणि फोन केलाच तर लागलेला नंबर त्यात दिसणार. म्हणून नंबरापेक्षा माणूस आणि जागा माहीत असणं जास्त गरजेचं आहे असं मला वाटतं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला, त्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, आणि त्यांना कळवायला बाईनेच जायला हवं असं नाही, शेजारीण, बहीण, कोणीही कळवू शकतं आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्या माणसावर काही बालंट येत नाही. हे मला एका शिबिरात कळलं तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली. तसंच बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात बाईसाठी उत्पन्नाची अटच नाही, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे अर्ज द्यायचा, नाहीतर १५१०० ला फोन. आणि जिल्ह्याला अशा अडलेल्या बायकांसाठी सरकारचं सखी केंद्र असतं, तिथे तात्पुरती ५ दिवसांपर्यंत राहायची सोय होते. पण मंडणगडच्या बाईला रत्नागिरी गाठायचं म्हणजे अख्खा दिवस, तिकिटाचे पैसे कोणाकडे मागायचे आणि घरी काय सांगून निघायचं? मग होतं काय, गावकीत बसवतात, दोन शहाणी माणसं समजूत घालतात आणि बाई परत त्याच घरात.

विधवा बायकांची पण तीच गत. बोटीवर खलाशी असलेला नवरा गेला, पोरं लहान. बाल संगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला २२५० मिळू शकतात, अर्ज बालकल्याण समितीकडे जातो. संजय गांधी निराधार योजनेचे १५०० तहसीलदार कचेरीतून. दोन वेगळी ऑफिसं, दोन वेगळ्या फायली. आमच्याकडच्या एकीला एका कार्यालयात "हे आमच्याकडे नाही" एवढंच सांगितलं, मग कोणाकडे आहे ते सांगायची तसदी नाही घेतली. तिचा त्या दिवसाचा कोळंबी सोलायचा रोज बुडाला तो वेगळाच.

आणि म्हणे खेड्यात माहिती पोचत नाही. २०२४ ला लाडकी बहीण आली तेव्हा कशी पोचली? सड्यावर चढून पोरी नारीशक्ती दूत ॲपवर फॉर्म भरत होत्या, सेतूत पाय ठेवायला जागा नव्हती, अंगणवाडी सेविका रात्रीपर्यंत बसल्या, एकसष्ट वर्षांच्या काकूपर्यंत सगळ्यांना कागद कुठले लागतात ते पाठ होतं. म्हणजे पोचवायचं मनात असलं की पोचतं. चौकात फ्लेक्स लागतात महिला सक्षमीकरणाचे, त्यावर साहेब, भाऊ, दादा, ताई सगळे हात जोडून उभे, आणि फोन नंबर छापलेला असतो तो फक्त प्रिंटिंगवाल्याचा! माझी बहीण दोडामार्गला दिलीय, तिकडे कुणाचं काही गंभीर झालं की गोव्यातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, बांबोळीला न्यायचं हे शेंबड्या पोराला पण माहीत असतं, त्याला कुठला बोर्ड लागला नाही, लोकच एकमेकांना सांगत आले. १८१ आणि सखी केंद्राचं तसं तोंडी पसरणार नाही कारण तिथे जाऊन आलेली बाई गावात येऊन सांगत नाही. म्हणून ते छापूनच यायला हवं.

तर मागणी अशी की महिन्यातून एकदा एका तालुक्याचं अर्धं पान द्या. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, तिथे बाईडॉक्टर कुठल्या वारी असते, सोनोग्राफी कुठे होते, संरक्षण अधिकारी कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर बसतात, विधी सेवा समिती, निराधारची खिडकी, आणि कुठल्या एसटीने गेलं तर काम होऊन शेवटच्या गाडीने परत येता येईल ते. अक्षर जरा मोठं, आणि खाली माहिती कधी तपासली ती तारीख. जाहिरातींच्या शेजारी नको, मधल्या पानावर द्या म्हणजे कापून ठेवता येतं. साहेबांचे फोटो नकोत, जागा जाते.

नंबर लागतात का ते बघायचं काम आमच्या बचत गटांतल्या बायका करतील, तुमच्या वार्ताहराने एकटं करायची गरज नाही. आणि सुरुवात गुहागरपासून करा असंही मी म्हणत नाही, मंडणगडपासून करा, ते सगळ्यात लांब आहे.

आपली,
एक वाचक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये, गावात राहायचं आहे.)