सायकली ट्रेलरच्या मागे नकोत

संपादक साहेब, छोटा कॅम्पिंग ट्रेलर घेऊन फिरणाऱ्यांना एक सांगायचंय, सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरला लटकवू नका. आम्ही तेच केलं आणि जरा स्पीड घेतला की ट्रेलर शेपटीसारखा डोलायचा, कारण मागे वजन वाढलं की पुढे हिचवरचा, म्हणजे ट्रेलर कारला जोडतो त्या हुकावरचा, भार कमी होतो, तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास तरी लागतो. शिवाय नंबरप्लेट, टेललाइट झाकले जातात ते वेगळंच. आता दोन सायकली कारच्या टपावर, पेडल फ्रेमला घासू नये म्हणून मध्ये जुना टॉवेल कोंबतो. इलेक्ट्रिक सायकल मात्र टपावर चढवायच्या भानगडीत पडू नका, २०-२५ किलोचं धूड ते, बॅटरी काढून ट्रेलरच्या आत एक्सलच्या वरच घट्ट बांधा.

– एक वाचक