मुलगा काय करतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेरोजगारीचा दर कमी झाल्याची बातमी आली की आमच्या गावच्या पारावर एकच वाक्य ऐकू येतं, ‘हे आकडे दिल्लीत बसून लिहितात.’ मी केज तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, २००१ आणि २०११ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून दारोदार फिरले. त्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे की आकड्याची सुरुवात आपल्याच ओसरीवर होते. या वेळी आमच्या ओसरीवर खोटं उत्तर दिलं ते मी स्वतः, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

दिवाळीनंतर एक तरुण टॅब घेऊन आमच्याकडे आला. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात, म्हणजे ज्याला पीएलएफएस म्हणतात त्यात, आमचं घर निवडलं गेलं होतं. पोरगा नम्र होता, चहासुद्धा नको म्हणाला. माणसं किती, शिक्षण किती, असं विचारत तो माझ्या मुलापाशी आला. ‘काकू, मुलगा काय करतो?’

माझा मुलगा २८ वर्षांचा आहे, बीएस्सी झालाय. २०२३ च्या तलाठी भरतीत तो बसला होता. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांवर. पुढच्या वर्षी पोलीस भरती झाली, १७,४७१ जागांना सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. तिथंही नाही झालं. आठवड्यातले सहा दिवस तो सकाळच्या एसटीनं अंबाजोगाईच्या अभ्यासिकेत जातो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतो. हे सगळं मी त्या तरुणाला सांगायला हवं होतं. पण शेजारी जाऊबाई बसल्या होत्या, दारात आणखी दोघी उभ्या होत्या, आणि मुलासाठी स्थळं बघणं चालू आहे. मराठवाड्यात आज मुलीचा बाप पहिला प्रश्न हाच विचारतो, मुलगा काय करतो? मी म्हणाले, ‘शेती बघतो. चार एकर आहे आमची.’ काम शोधतोय का, या प्रश्नाला मी नाही म्हणाले.

रात्री झोप लागली नाही. प्रगणक असताना दुसऱ्यांच्या दारात मी हेच ऐकलं होतं. ‘काही करत नाही’ हे शब्द कुठल्याच आईच्या तोंडून सहज निघत नाहीत. आमच्या शाळेत शिकलेल्या एका मुलाकडून मी त्या सर्वेक्षणाच्या सूचना मागवल्या आणि चष्मा लावून दोन दिवस वाचल्या. कळलं ते असं, की मी खरं बोलले असते तरी माझा मुलगा वार्षिक आकड्यात रोजगार असलेलाच ठरला असता.

वर्षाचा जो मोठा आकडा सांगतात, तो मागच्या ३६५ दिवसांवरून काढतात. वर्षातला बहुतेक काळ नोकरी शोधण्यात गेला असेल, तर मुख्य स्थितीप्रमाणे माणूस बेरोजगार असतो. पण त्याच वर्षात त्यानं ३० दिवस किंवा जास्त काही काम केलं असेल, तर ते दुय्यम काम धरून त्याची गणना काम करणाऱ्यांत होते. पेरणी, फवारणी, सोयाबीनची काढणी आणि मळणी मिळून माझ्या मुलाचे चाळीसएक दिवस भरतात. मजुरी नसली तरी चालतं, घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारा ‘मदतनीस’ हासुद्धा कामगारच. दुसरी पद्धत मागच्या सात दिवसांची. त्यात एका दिवशी एक तास काम केलं तरी पुरतं. त्या आठवड्यात आमच्याकडं वीज रात्रीची होती आणि पोरानं दोन रात्री जागून हरभऱ्याला पाणी दिलं होतं. झाला तो रोजगारवाला.

हा नियम आपल्या सरकारनं लबाडीनं काढलेला नाही, हेही सांगितलं पाहिजे. तासाभराची अट जगभर वापरतात. देशात जे जे उत्पादन झालं त्यामागचे हात मोजायचे, तर हरभऱ्याला पाणी देणारा हातही मोजावा लागतो. अडचण पुढं होते. ‘किती जण राबले’ याच्या उत्तरातून जो दर निघतो, तो ‘किती जणांना पोट भरेल असं काम मिळालं’ याचं उत्तर म्हणून आमच्यापुढं ठेवला जातो.

सरकारच्याच अहवालात दोन्ही गोष्टी आहेत. २०१७-१८ मध्ये बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ३.२ झाला. याच काळात एकूण काम करणाऱ्यांत घरच्या धंद्यातल्या बिनपगारी मदतनिसांचा वाटा १३.६ टक्क्यांवरून १९.४ वर गेला आणि नियमित पगार मिळवणाऱ्यांचा २२.८ वरून २१.७ वर आला. पहिला आकडा मथळ्यात येतो, बाकीचे तक्त्यात राहतात. माझी पहिली विनंती आपल्यालाच आहे, संपादक महोदय. दर छापाल तेव्हा त्याच्या शेजारी मदतनिसांचा वाटा छापा. तेवढ्यानं पारावरचं बोलणं बदलेल.

अविश्वासाचं दुसरं कारण सरकारनं स्वतः ओढवून घेतलं. तो ६.१ टक्क्यांचा अहवाल राष्ट्रीय सांख्यिकी आयोगानं मान्य करूनही रोखून धरला गेला. जानेवारी २०१९ मध्ये आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. लोकसभा निवडणूक झाली, ३० मे रोजी शपथविधी झाला आणि ३१ मे रोजी अहवाल बाहेर आला. त्यानंतरचा प्रत्येक आकडा खरा असला तरी आमच्या पोरांना तो खरा वाटत नाही. वर्गात एकदा गुण लपवलेल्या मुलाचं प्रगतिपुस्तक पुढं प्रत्येक वेळी दोनदा तपासलं जातं.

आणि आमच्या जिल्ह्यातले ऊसतोड कामगार? दसरा-दिवाळीला मुकादमाकडून उचल घेऊन निम्मं गाव कारखान्यांवर जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. थंडीत पहाटे उठून मोळ्या बांधतात, पाच-सहा महिने घेतलेली उचल फेडत राहतात. पाहणीच्या भाषेत दोघांनाही रोजगार आहे. ज्याची संध्याकाळची भाकरी आजच्या मजुरीवर आहे, त्याला बेरोजगार राहणं परवडतच नाही, म्हणून सगळ्यांत गरीब माणूस बेरोजगारीच्या आकड्यात दिसतच नाही. १९७० मध्येच अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीनं सांगितलं होतं की आपल्यासारख्या देशात बेरोजगारी एकाच आकड्यात कोंबू नये, प्रदेश, वय, स्त्री-पुरुष, शिक्षण, कामाचा प्रकार असं वेगवेगळं दाखवावं. दोनच वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ पडला. माझे वडील रस्त्यावर खडी फोडायला जायचे. सगळं गावच तिथं होतं, त्यामुळे कुणाला लाज नव्हती आणि काम नसलेला माणूस सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होता. आज तो अभ्यासिकेत मान खाली घालून बसलेला असतो.

सांख्यिकी मंत्रालयाकडे माझं एक मागणं आहे. २०२५ पासून या पाहणीचा नमुना जिल्हा धरून निवडतात आणि घरंही पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त घेतात. मग आमच्या हाती येणाऱ्या अहवालात आकडे राज्यापुरतेच का? पुणे-मुंबईच्या सरासरीत बीड, हिंगोली, धाराशिव बुडून जातात. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा निदान एकत्र आकडा दरवर्षी द्या. त्यात आठवड्याला किती तास काम मिळालं आणि हातात किती रुपये आले, हेही द्या.

नव्या पद्धतीत एका घरी चार महिने लागोपाठ येतात. म्हणजे तो तरुण पुढच्या महिन्यात पुन्हा येईल आणि मागच्या सात दिवसांचं विचारेल. मी मुलाला सांगून ठेवलं आहे, त्या दिवशी अभ्यासिकेला जायचं नाही, ओसरीवर माझ्याशेजारी बसायचं आणि आपलं उत्तर आपणच द्यायचं. जाऊबाईंनाही बोलावणार आहे. त्यांचा धाकटा पण तीन वर्षांपासून घरीच आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
ता. केज, जि. बीड